सिझरनंतरचा पोटपट्टा: माप, बांधणी आणि सोडण्याची वेळ

सिझरची भूल उतरते, लघवीची नळी निघते आणि नर्स म्हणते, "चला, उठा आता, दोन पावलं चालूया." पोटपट्ट्याचं खरं काम इथे सुरू होतं आणि सव्वा महिन्याच्या आत-बाहेर संपतं. उठताना, चालताना, खोकताना टाक्यांवर येणारा ताण थोडा उचलून धरणं, एवढंच ते काम. बाळंतिणीचं पोट आत नेणं हे त्याचं काम नाही. दुकानदार सांगतो, डब्यावरचा फोटो सांगतो, शेजारच्या काकूही सांगतात, पण ते तसं होत नाही. हा गैरसमज आधी बाजूला ठेवलेला बरा, कारण पट्ट्याचे बहुतेक त्रास त्यातूनच निघतात. पोट आत जावं म्हणून पट्टा घट्ट आवळला जातो, दिवसभर ठेवला जातो, रात्रीही काढला जात नाही.

प्रसूतीनंतर गर्भाशयाचं वरचं टोक बेंबीच्या आसपास असतं. ते रोज साधारण १ सेंटिमीटर खाली सरकतं, १० ते १४ दिवसांत ओटीपोटाच्या हाडांच्या आत जातं आणि ६ आठवड्यांत गर्भाशय जवळपास मूळ आकाराला येतं. पट्टा बांधला म्हणून हा वेग वाढत नाही आणि नाही बांधला म्हणून थांबत नाही. पट्ट्यावर झालेल्या अभ्यासांत पहिल्या काही दिवसांचं दुखणं आणि चालणं यांत काही ठिकाणी फायदा दिसला, काही ठिकाणी विशेष फरक दिसला नाही. पोट कायमचं सपाट होतं याला भरवशाचा पुरावा नाही. म्हणजे पट्टा ही सोय आहे, सक्ती नाही. ज्यांना त्याशिवाय नीट उठता-चालता येतं त्यांनी न बांधल्यानं काही बिघडत नाही.

टाके नेमके कुठे असतात ते माहीत असलं की बाकीचं आपोआप कळतं. बहुतेक सिझरमध्ये छेद आडवा असतो, जघनकेसांच्या रेषेच्या जरा वर, १० ते १५ सेंटिमीटर लांब. त्वचा, चरबी आणि त्याखालचा चिवट पांढरा पडदा कापला जातो. पोटाचे उभे स्नायू सहसा कापत नाहीत, मधोमध बाजूला सारतात. खोकला आला किंवा पाठीवरून थेट उठून बसलं की याच शिवलेल्या पडद्यावर ओढ येते. पट्टा ती ओढ बाहेरून वाटून घेतो. तो बेंबीवर किंवा कमरेत नाही, तर खाली, नितंबाच्या हाडांपाशी (म्हणजे कमरेखाली दोन्ही बाजूंना हाताला लागणारी हाडं) पकडायला हवा, हे यावरूनच ठरतं. (छेद उभा असेल तर पट्ट्याची जागा आणि वेळ डॉक्टरांनाच विचारून ठरवायची.)

कुठला घ्यायचा

दुकानात चार-पाच प्रकार समोर टाकतात. पहिल्या महिन्यासाठी त्यातला एकच कामाचा आहे: दोन किंवा तीन आडव्या पदरांचा, पुढून वेल्क्रोनं बंद होणारा रुंद सर्जिकल पट्टा. प्रत्येक पदर वेगळा ताणता येतो. म्हणून खालचा घट्ट आणि वरचा सैल ठेवता येतो, आणि पोट उतरेल तसा आत घेता येतो. एकच सलग पदर असलेला पट्टा स्वस्त पडतो आणि तिरका ओढून तोही बसवता येतो, पण हात बसेपर्यंत वेळ जातो.

पोट, कंबर आणि नितंब यांसाठी तीन सुटे पट्टे एकत्र असलेला संच ऑनलाइन फार खपतो. त्यातला कमरेचा पट्टा सरळ बाजूला ठेवा. दोन्ही टोकांना सैल आणि मध्ये आवळलेलं असं पोट झालं की आतला दाब वर छातीकडे आणि खाली योनिमार्गाकडे जातो. हुकांची रांग असलेला कॉर्सेटसारखा पट्टाही याच कारणानं नको. शिवाय बाळ रडत असताना वीस हुक कोण लावत बसणार? उंच कमरेची घट्ट निकर टाके पूर्ण सुकल्यावर, साधारण तीन-चार आठवड्यांनी, बाहेर जाताना घालायला चालते. ती वर ओढून घालावी लागते आणि ओढताना तिचा काठ टाक्यांवरून घासत जातो, म्हणून आधी नको.

कापडाकडे लक्ष द्या. आतून सुती, बाजूंना जाळी असलेली वीण हवी. पाणबुड्याच्या पोशाखासारखं जाड, गुळगुळीत रबरी कापड घेऊ नका. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा ३८-४० ला टेकतो तेव्हा त्याच्या आत घामाची आंघोळ होते आणि चौथ्या दिवशी घामोळं उठतं. पाठीकडे प्लास्टिकच्या किंवा पत्र्याच्या दोन-चार उभ्या कामट्या असतात, त्या चालतात. पुढच्या बाजूला कामटी असलेला पट्टा नको, कारण बसलं की तिचं टोक नेमकं टाक्यावर रुततं.

रुंदीत सगळ्यात जास्त चुका होतात. खुर्चीत सरळ बसा आणि शेवटच्या बरगडीपासून मांडीच्या वळीपर्यंतचं अंतर मोजा. पट्टा त्याहून दोन बोटं कमी रुंद हवा. बाजारात ८ ते १० इंची पट्टे मिळतात. पाच फुटांच्या आतबाहेर उंची असलेल्या बाईला बहुधा ८ इंचीच बसतो. "रुंद घेतला तर जास्त आधार" असं वाटून १० इंची आणला, तर बसल्यावर तो वर छातीला टोचतो आणि खाली गुंडाळला जाऊन त्याची दोरी होते. ती दोरी येते बरोबर टाक्यांच्या रेषेवर.

माप नवव्या महिन्यात घेऊ नका आणि लग्नाआधीच्या कपड्यांवरूनही सांगू नका. प्रसूतीनंतरचं पोट पाच-सहा महिन्यांच्या गरोदरपणाएवढं असतं. दुसऱ्या दिवशी उभं राहता आलं की श्वास सहज सोडून, टेप न आवळता, दोन मापं घ्यायची: एक बेंबीवर, एक नितंबांच्या सगळ्यात रुंद भागावर. टेप नसेल तर परकराची जुनी नाडी गुंडाळून गाठ मारा आणि घरी जाऊन पट्टीनं मोजा. दोन्हींतलं मोठं माप धरायचं. ३६ इंच भरलं आणि डब्यावर एक साइज ३२ ते ३६ आणि पुढची ३६ ते ४० लिहिलेली असली, तर पुढची घ्या. कंपनीगणिक साइज बदलते, म्हणून दुकानात जाणाऱ्याच्या हातात "एल" किंवा "एक्सएल" असं अक्षर देऊ नका, इंचाचा आकडा द्या.

बांधल्यावर वेल्क्रोची पकड निदान चार बोटं रुंद असायला हवी. पहिल्या दिवशी ती टोकाजवळ बसली तर उत्तम. शिवणात माया सोडतात तशी आत घ्यायला जागा राहते, आणि पहिल्या दोन आठवड्यांत ती लागतेच. पहिल्याच दिवशी एक टोक पोट ओलांडून पलीकडच्या कुशीत जात असेल तर पट्टा मोठा आहे.

रुग्णालयातल्या मेडिकलमध्ये पट्टा हाताशी मिळतो, पण निवड कमी असते. सदाशिव पेठेत औषधांच्या घाऊक बाजाराच्या आसपास सर्जिकल साहित्याची दुकानं आहेत, तशीच ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयांच्या भोवतीही सापडतात. तिथे दोन-तीन रुंद्या समोर ठेवून बघता येतात. पैसे देण्याआधी एकच प्रश्न विचारा: "माप नाही बसलं तर बदलून द्याल का?" अंगाला लागलेला पट्टा बरेच दुकानदार परत घेत नाहीत, म्हणून आधी गाउनवरून लावून बघा. आत घालायला तुळशीबागेतून तीन-चार सुती, बिनबाह्यांच्या लांब स्लिप आणा. पुरुषांची साधी सुती बनियन एक साइज मोठी घेतली तर तीही तितकीच छान चालते. निकर आजीच्या मापाची हवी, बेंबीपर्यंत येणारी. कमी उंचीच्या निकरचं इलॅस्टिक टाक्यांवरच बसतं. सलवारीची नाडीही तिथेच घोटाळते, म्हणून महिनाभर गाउन बरा.

कसा बांधायचा

आधी डॉक्टरांची परवानगी. भूल पूर्ण उतरेपर्यंत पट्टा नाही, कारण काही रुततंय का ते कळत नाही आणि गर्भाशय घट्ट झालंय का, ड्रेसिंग कोरडं आहे का हे नर्सला वरचेवर बघायचं असतं. उच्च रक्तदाबाचा त्रास झालेला असेल, दमा असेल, हर्निया असेल किंवा जखमेत पाणी-रक्त साठल्याची शंका असेल तर ते आठवणीनं सांगा.

पट्टा नेहमी आडवं पडून बांधायचा. उभ्यानं बांधला की पोट आधीच खाली ओघळलेलं असतं आणि पट्टा त्याला तिथेच दाबून ठेवतो.

लघवी करून या. स्लिप खाली ओढून तिच्या सुरकुत्या काढा. टाक्यांपाशी सुरकुती राहिली तर दोन तासांत तिचा वळ उठतो. ड्रेसिंग काढलेलं असेल तर टाक्यांवर स्वच्छ सुती रुमालाची घडी किंवा कोरडं गॉज ठेवा. पट्टा पलंगावर उघडून पसरा, त्याचा मध्य मणक्याखाली येईल असा. पहिले काही दिवस कंबर उचलायला जमत नाही, दुखतं. म्हणून दोन्ही गुडघे वाकवा, खांदा आणि कंबर एकाच वेळी वळवत ओंडक्यासारखं एका कुशीवर व्हा, घरच्यांना पट्टा पाठीमागे सरकवू द्या आणि परत पाठीवर या.

आता खालचा काठ बघा. तो टाक्यांच्या खाली, जघनाच्या हाडापर्यंत यायला हवा आणि बाजूंनी मांड्यांच्या बाहेरच्या उंचवट्याला टेकायला हवा. म्हणजे टाक्यांची रेषा पट्ट्याच्या काठाखाली न येता पट्ट्याच्या पोटात येते. पूर्ण झाकलेली जखम सुखात राहते, काठ बसलेली जखम सोलते.

गुडघे वाकवलेलेच ठेवा. श्वास घ्या, सोडा आणि सोडता सोडता सगळ्यात खालचा पदर दोन्ही बाजूंनी सारख्याच ओढीनं मध्ये आणून लावा. मग मधला, थोड्या कमी ओढीनं. वरचा नुसता टेकवायचा. क्रम कायम खालून वर. उलट केलं, म्हणजे वरचा आधी आवळला, तर आतडी आणि गर्भाशय खाली ढकलली जातात, आणि गरोदरपणामुळे आधीच सैलावलेल्या ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर तो सगळा भार पडतो. मदत करणारं माणूस सवयीनं कमरेला धरून ओढतं, तेव्हा आठवण करून द्यावी लागते: "आई, वरून नका ओढू, खालचा पदर आधी लावा." सासूबाईंना नऊवारीचा काष्टा कसून ओढायची सवय असेल तर दोनदा सांगावं लागेल.

बांधून झालं की चार गोष्टी तपासा. वरच्या काठातून दोन बोटं आडवी सहज आत जायला हवीत, खालच्या काठातून एक. खोल श्वास घेतला की बरगड्या बाजूला फुलायला हव्यात. एक अख्खं वाक्य न अडखळता बोलता यायला हवं. आणि हलकं खोकून बघा. टाक्यांना आधार वाटला तर ठीक. खाली योनीकडे काही ढकलल्यासारखं वाटलं तर वरचे पदर सैल करा.

मग उठा, पण पट्टा आहे म्हणून थेट उठून बसायचं नाही. कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा, कोपर आणि तळहातानं रेटा देत बसते व्हा. अर्धा मिनिट बसा, चक्कर नाही ना ते बघा, मगच उभ्या राहा. उभं राहिल्यावर पट्टा वर सरकला असेल तर त्याला खाली ओढू नका. परत आडव्या होऊन नव्यानं बांधा. कंटाळा येतो खरा, पण ओढलेला पट्टा टाक्यांची खपली घेऊन येतो.

किती वेळ

पहिल्या दिवशी २०-३० मिनिटांनी सोडून त्वचा बघा. ठीक असेल तर पुढे एका वेळी दोन तास. मग निदान अर्धा तास मोकळं. सगळा दिवस मिळून सहा-आठ तासांच्या वर गरज पडत नाही. तीही चालताना, बाळाला घेऊन उभं राहताना, जिने चढताना. आडव्या असताना पट्टा काढायचा. झोपेत तर नाहीच: झोपेत पोटावर ताण नसतो आणि पट्टा सरकून गुंडाळला तर कळत नाही.

पाजायला बसताना वरचा पदर सोडा. पट्ट्याचा वरचा काठ स्तनाच्या खालच्या भागाला दाबत राहिला की तिथल्या दूधवाहिन्या तुंबतात आणि गाठ येते. जेवणानंतर अर्धा तास पट्टा सैल. डिंकाचा लाडू आणि अळिवाची खीर पोटात असताना पट्टा आवळला तर जळजळ ठरलेलीच. संडासला जाताना पूर्ण काढा. पट्टा बांधून कुंथणं म्हणजे टूथपेस्टची नळी मधोमध आवळणं, सगळा जोर खाली जातो. खोकला किंवा शिंक आली आणि पट्टा नसला, तर छोटी उशी किंवा घडी केलेला टॉवेल टाक्यांवर दोन्ही हातांनी धरा. ही उशी पहिल्या आठवड्यात पट्ट्याहून जास्त वेळा कामी येते.

घरी जायच्या दिवशी, साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, पट्टा नक्की बांधा. रिक्षात आधी पाठमोऱ्या होऊन बसा, मग पाय आत घ्या. बाळ दुसऱ्या कुणाच्या मांडीवर द्या आणि उशी पोटाशी धरा, कारण गतिरोधक मोजत बसाल तर घर यायचं नाही. कार असेल तर सीटबेल्टचा खालचा पट्टा पोटावरून नाही, त्याखाली नितंबाच्या हाडांवरून, हवी तर मध्ये मऊ घडी ठेवून. पेठेतल्या लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसरा मजला असेल तर एका पायरीवर दोन्ही पाय टेकत, मजल्यावर थांबत चढा. आणि वर गेल्यावर परत खाली यायचं काम दिवसभर काढू नका.

काय बिघडतं

पट्टा सारखा वर चढतो. कारण बहुधा रुंदी जास्त असते, नाहीतर खालचा पदर सैल आणि वरचा घट्ट बांधलेला असतो. खालचा घट्ट आणि वरचा सैल करून बघा. तरी चढला तर कमी रुंदीचा घ्या.

मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या येतात, बधिर वाटतं. पट्ट्याच्या काठाखाली नितंबाच्या हाडाजवळची नस दाबली जाते. सैल करा, जागा बोटभर हलवा. पट्टा काढूनही मुंग्या राहिल्या तर डॉक्टरांना सांगा.

काढल्यावर लाल वळ दिसतात. अर्ध्या तासात गेले तर काळजी नाही. टिकले तर पट्टा घट्ट आहे.

हसताना, शिंकताना लघवी निसटते किंवा खाली जड, भरल्यासारखं वाटतं. सिझर झालेल्यांनाही हे होतं, कारण नऊ महिन्यांचा भार तळाच्या स्नायूंनी वाहिलेला असतोच. इथे पट्टा आणखी घट्ट करणं म्हणजे दुखण्यात भर. पट्टा थांबवा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना किंवा ओटीपोटाचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टना दाखवा.

सगळ्यात फसवी गोष्ट वेगळीच आहे. टाक्यांच्या वरची त्वचा कित्येक आठवडे, कधी महिने बधिर असते, कारण तिथल्या बारीक नसा छेदात कापल्या गेलेल्या असतात. त्यामुळे पट्टा घासला, सोललं, फोड आला तरी दुखत नाही. "मला काही त्रास नाही हो" यावर इथे विसंबता येत नाही. दिवसातून दोनदा बघावं लागतं, आणि वर पोटाची घडी आल्यामुळे वाकून दिसत नाही. हातआरसा घ्या किंवा नवऱ्याला मोबाइलवर रोज एक फोटो काढायला सांगा. कालचा आणि आजचा शेजारी ठेवला की लाली पसरते आहे की कमी होते आहे ते लगेच कळतं. आंघोळीनंतर ही जागा टिपून पूर्ण कोरडी करा, दहा मिनिटं पंख्याखाली मोकळी ठेवा, मगच स्लिप आणि पट्टा.

पोट बांधणं, मालिश आणि शेक

घरी गेल्यावर कुणीतरी जुनं सुती लुगडं काढतंच. "पोट बांधलं नाही तर वारा भरतो," हे वाक्यही त्याच्याबरोबर येतं. वारा वगैरे भरत नाही. सिझरनंतर आतडी एक-दोन दिवस मंद असतात आणि गॅस होतो, तो चालण्यानं सुटतो. पण मऊ सुती कापड वाईट नाही. उलट मे महिन्यात ते वेल्क्रोच्या पट्ट्यापेक्षा सुखाचं असतं. साधारण तीन मीटर लांब, घडी करून वीतभर रुंद कापड घ्या. आडव्या पडून नितंबाच्या हाडांपासून सुरुवात करा, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवत वर जा आणि बेंबीच्या जरा वर थांबा. टोक कुशीला खोचा. पुढे गाठ नको, सेफ्टीपिन नको. वर सांगितलेल्या चारही चाचण्या याही बांधणीला लागू.

बिनसतं ते कमरेत गच्च आवळण्यानं, आणि मालिशवाल्या मावशींचा हात तिथेच जातो. त्यांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा: "मावशी, सिझर आहे. हात, पाय, पाठ करा. पोटाला डॉक्टर सांगतील तेव्हाच." सहा आठवड्यांच्या तपासणीआधी पोटावर मालिश नको. मालिशनंतर तेल पुसून, आंघोळ करून मगच पट्टा. तेलानं रबर सैल पडतं आणि टाक्यांची जागा ओली राहते. शेगडीचा शेक टाक्यांच्या आसपास अजिबात नको: त्वचा बधिर असल्यानं भाजलेलं कळत नाही.

पायांचे मोजे

डॉक्टरांनी दाबाचे पायमोजे दिले असतील तर त्यांचा पोटपट्ट्याशी संबंध नाही. ते रक्ताच्या गुठळीपासून बचावासाठी असतात. हा धोका प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांत वाढलेला असतो आणि सिझरनंतर नैसर्गिक प्रसूतीपेक्षा जास्त. प्रत्येकीला मोजे लागतात असं नाही. वजन जास्त असेल, पूर्वी गुठळी झाली असेल, बराच काळ पडून राहावं लागलं असेल तर देतात, कधी जोडीला इंजेक्शनही. मोजे स्वतःच्या मनानं आणू नका आणि त्याऐवजी क्रेप बँडेज तर गुंडाळूच नका. घरी बांधलेलं बँडेज हमखास गुडघ्याखाली घट्ट आणि घोट्यापाशी सैल होतं, म्हणजे हवं त्याच्या बरोबर उलट.

मापं तीन: घोट्यावरचा सगळ्यात बारीक भाग, पोटरीचा सगळ्यात जाड भाग आणि टाचेपासून गुडघ्याच्या वळीपर्यंतची लांबी. सकाळी उठायच्या आधी, सूज नसताना मोजायची. मोजा टाचेपर्यंत उलटा करा, पाऊल आत घाला, टाच टाचेवर बसवा, मग तळहातानं थोडा थोडा वर सरकवा. वाकणं जमत नसताना हे दुसऱ्यानंच करावं. सुरकुती राहू देऊ नका आणि लांब झाला म्हणून वरचा काठ दुमडू नका. दुमडलेल्या काठाचा दाब दुप्पट होऊन तो फासासारखा बसतो. रोज एकदा काढून टाच आणि घोट्याची त्वचा बघा.

धुणं आणि पावसाळा

पट्टे दोन हवेत. वेल्क्रो बंद करून, गार पाण्यात, सौम्य साबणानं हातानं धुवा. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत वाळवा. जून ते सप्टेंबरमध्ये पुण्याच्या बंद गॅलरीत जाड पट्टा दीड-दोन दिवस दमट राहतो, म्हणून पंख्याखाली खुर्चीच्या पाठीवर पसरा. "जवळपास वाळला" म्हणून बांधलेल्या पट्ट्याखाली गजकर्ण उठू शकतं. वेल्क्रोत अडकलेले धागे जुन्या टूथब्रशनं काढा. पकड गेली असं वाटतं तेव्हा बहुधा दोष त्या धाग्यांचाच असतो.

थांबू नका अशी लक्षणं

जखमेतून पू किंवा दुर्गंधीचा स्राव, टाक्यांभोवती पसरत जाणारी लाली, कडा उघडणं, ३८ अंश सेल्सिअस किंवा वर ताप: पट्टा काढा आणि त्याच दिवशी रुग्णालयात जा. अंगावरून इतकं जातंय की तासात एक पॅड पूर्ण भिजतो, एकच पोटरी सुजली किंवा दुखते, छातीत दुखतं, दम लागतो, तीव्र डोकेदुखीबरोबर डोळ्यांपुढे अंधारी येते: यातलं काहीही झालं तर रात्र असली तरी निघा. गाडी नसेल तर १०८ लावा.

पट्टा सोडायचा कसा

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून वेळ कमी करत न्या: आधी घरात बसून असतानाचा, मग स्वयंपाकघरातला, शेवटी जिन्याचा आणि बाहेरचा. सहा आठवड्यांनंतरही पट्ट्याशिवाय उभं राहता येत नसेल तर पट्टा वाढवू नका, तपासून घ्या. पोटाचे स्नायू पट्ट्यानं परत येत नाहीत. लघवीची नळी निघाली की पडल्या पडल्या सावकाश पोटानं श्वास घेणं आणि लघवी अडवताना करतो तसं खालून आत-वर आखडून सोडणं, दहा-दहा वेळा, दिवसातून तीनदा, हे डॉक्टरांना विचारून सुरू करता येतं. सहा आठवड्यांनी पाठीवर पडून गुडघे वाकवा, बोटं बेंबीच्या जरा वर आडवी ठेवा आणि फक्त डोकं उचला. दोन स्नायूंच्या मधल्या खाचेत दोनपेक्षा जास्त बोटं जात असतील किंवा मधोमध लांबट उंचवटा वर येत असेल तर फिजिओथेरपिस्टकडे जा. तोवर पाठीवरून थेट उठून बसण्याचे (सिट-अप्ससारखे) पोटाचे व्यायाम नकोत.

काम झालेला पट्टा जावेला किंवा वहिनीला द्यायचा असेल तर आधी एक करून बघा. मधला पदर हातभर ताणा आणि सोडा. तो झटकन मूळ लांबीला आला तर स्वच्छ धुऊन द्या. लाटेसारखा लोंबत राहिला तर त्यातलं रबर संपलंय, तो पट्टा पुढे कुणाला देऊ नका.